मधले दोन तास

उपाशीपोटीचं रक्त घेऊन झालं की मी सांगते,
"आता नाश्ता करा. पहिला घास खाल्लात
की घड्याळ बघून ठेवा.
दोन तासांनी मी परत येते."

हे मधले दोन तास कुणाचेच नसतात.
लॅब ते पगारात धरत नाही.
धानोरीला जाऊन यायचं तर पेट्रोल जळतं,
आणि घरी गेलं की भांडी दिसतात.

सुरुवातीला मी मॉडेल कॉलनीत
एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसायचे, स्कूटरच्या सीटवर.
वॉचमन दोनदा नुसता बघून गेला,
तिसऱ्यांदा त्यानं वहीत नाव लिहून घेतलं.
मग काही दिवस ओंकारेश्वराचा घाट.
पण तिथं नदीचा वास येतो,
आणि वाहतं काही बघितलं
की माझं मन महिन्याचा हिशेब काढून बसतं.

पाताळेश्वरात आले ती सावली शोधत. देवासाठी नाही.
जंगली महाराज रस्त्यावर नुकता सिग्नल सुटला होता,
बसचा ब्रेक, कुणाचा तरी अडकून बसलेला हॉर्न,
मी आत वळले, चार पायऱ्या उतरले,
तर तो सगळा कालवा
दाराशी काढलेल्या चपलांसारखा
बाहेरच राहिला.

नंदीचा मंडप गोल आहे, खांब जाड.
पाठ टेकली की गारवा कुडत्यातून
सावकाश आत येतो,
पाहुण्यासारखा, विचारून.
समोरच्या खांबाशी एक गृहस्थ रोज असतात.
मांडीवर डबा, न उघडलेला.
आम्ही कधी बोललो नाही.
एकदा ऊन माझ्या अंगावर आलं
तेव्हा ते थोडे सरकले. ओळख म्हणाल तर एवढीच.

हे लेणं अर्धवट राहिलंय, असं कर्णिक काकूंनी सांगितलं.
(सुई टोचताना त्या खिडकीकडे बघतात
आणि इतिहास सांगतात.)
आत एका भिंतीवर छिन्नीचे घाव तसेच आहेत,
तिथं मी बोट फिरवते.
इथं कुणाचा तरी हात थांबला.
दमला असेल, पैसे संपले असतील,
किंवा घरून निरोप आला असेल.
त्यानंतर कुणी ते पुरं करायला आलं नाही,
आणि भिंतीला त्याचं काही वाटत नाही.

पर्समध्ये फोन थरथरला. पोतनीस सर.
थरथरू दिला.
काचेवर धडकून दमलेल्या माशीसारखा
थोड्या वेळानं तोही गप्प बसला.

आज सकाळपासून नऊ जणांना म्हटलं,
मूठ आवळा. तशीच ठेवा. हं, आता सोडा.
इथं बसून बराच वेळ झाल्यावर लक्षात आलं,
गाडीची किल्ली मी इतकी घट्ट धरली होती
की तळव्यावर तिचे दाते उमटलेत.
सोडली.
दगडावर तिचा केवढा आवाज झाला!
नंदीनं काही मनावर घेतलं नाही.

आई गेली त्या महिन्यात वाटायचं,
रडायला हीच जागा बरी.
रडू नाही आलं. झोप आली.
बसल्या बसल्या, तोंड उघडं टाकून,
रिकामी आइसबॉक्स कुशीत धरून.
जाग आली तेव्हा
डब्याचे गृहस्थ गेले होते,
आणि माझ्या पायाशी असलेलं ऊन
कुणी उचलून पलीकडे ठेवावं
तसं भिंतीपाशी गेलं होतं.

पावणेदहा होत आले.
काकूंनी पोह्यांचा पहिला घास घेतला
तो बरोबर पावणेआठला, त्यांनी फोन करून कळवलंय.
उठते. गुडघे वाजतात.
वर रस्त्याचा आवाज वाट बघत असतो,
पायात घालते आणि निघते.

काकू दंड पुढे करतील.
मूठ आवळा,
हे आज मी जरा उशिरा म्हणेन.